आधी गळती शोधा, मग गॅस भरा

एप्रिल उजाडला की इंदूरमध्ये सुदामा नगरपासून विजय नगरपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: एसी चालतो, पण खोली गार होत नाही. मेकॅनिक येतो, गेज लावतो, "गॅस खतम हो गई" म्हणतो, गॅस भरतो आणि जातो. पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच.

गॅस संपत नसतो. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो जळत नाही, की तेलासारखा दरवर्षी बदलावा लागत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस दहा-पंधरा वर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी बाहेर गेलेला आहे, आणि ती वाट अजून उघडी आहे. म्हणून मेकॅनिकला दारातच सांगायचं: "भिया, पहले लीकेज बताओ, फिर गैस." बाहेर जाणाऱ्या गॅसचं नुकसान फक्त पैशांचं नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात आर-३२ (नव्या एसींमधला गॅस) हवेला कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापवतो, आणि जुन्या इन्व्हर्टर एसींमधला आर-४१०ए २०८८ पट.

गळती शोधायच्या पद्धती सात-आठ आहेत. सगळ्या सगळीकडे चालत नाहीत. कोणत्या यंत्राला कोणती लावायची आणि कोणती मुळीच लावायची नाही, हे कळलं की निम्मं काम झालं.

गॅस खरंच कमी आहे का?

मळलेली जाळी, धुळीने भरलेला कंडेन्सर, थकलेला फॅन कॅपॅसिटर या तिन्हींनी थंडावा कमी होतो, आणि तिन्हींवर गॅस भरणं हे औषध नाही. आधी जाळी धुवा, बाहेरचं युनिट पाण्याने स्वच्छ करा, मग पंधरा मिनिटं एसी चालवा. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर गॅसचा प्रश्न बहुधा नाही.

गॅस कमी असल्याच्या खुणा वेगळ्या. इनडोअरची जाळी काढून कूलिंग कॉइलवर हात फिरवला तर एक भाग बर्फासारखा आणि उरलेला कोमट लागतो. बाहेरच्या युनिटच्या बारीक पाइपावर, नटाजवळ, पांढरा बर्फ धरतो. कंप्रेसर नेमप्लेटवर लिहिलेल्यापेक्षा बराच कमी अँपिअर घेतो. इन्व्हर्टर एसी मात्र फसवतो: गॅस थोडा कमी झाला तर तो कंप्रेसर जोरात पळवून वेळ मारून नेतो, आणि ऐन मे महिन्यातल्या दुपारी डिस्चार्ज पाइप तापून एरर दाखवत बंद पडतो. इनडोअरमधून पाणी टपकणं हे बहुतेक वेळा ड्रेन तुंबल्याचं लक्षण असतं. कॉइलवर बर्फ धरून तो वितळत असेल तरच गॅसचा संशय घ्या.

गेजच्या बाबतीत एक मोठा गैरसमज आहे. एसी बंद असताना दाखवलेला दाब बघून "दाब ठीक आहे, गॅस पूर्ण आहे" असं सांगितलं जातं. हे खरं नाही. नळ्यांत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल, तरी बंद यंत्रातला दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांना आर-३२ चा दाब सुमारे २६५ पीएसआय (दाबाचं एकक), आर-२२ (जुन्या एसींमधला गॅस) चा १५९ आणि आर-१३४ए (गाडीच्या एसीतला गॅस) चा ९८. ४० अंशांना आर-३२ चा सुमारे ३४५ आणि आर-२२ चा २०९. तिसरा हिस्सा गॅस उडून गेला तरी हे आकडे जागचे हलत नाहीत. मात्र बंद यंत्राचा दाब या आकड्यांच्या बराच खाली असेल तर द्रव उरलेलाच नाही, आणि गळती मोठी आहे. हे मोजताना एसी दोन-तीन तास बंद हवा आणि बाहेरच्या युनिटवर ऊन नको. आतली खोली आणि बाहेर यांत फरक असेल तर दोन्हींपैकी गार जागेचं तापमान धरा.

डोळे आणि बोटं

यंत्र लावण्याआधी बॅटरी घेऊन नुसतं बघा. कंप्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरत असतं. गॅस जिथून निघतो तिथे तेलाचा पातळ थर सोडतो आणि त्यावर मालव्याची काळी धूळ चिकटते. नटाभोवती, सांध्यावर किंवा यू-बेंडवर असा काळपट ओशट डाग दिसला तर पांढऱ्या कागदाने पुसा. कागदावर पारदर्शक तेलकट डाग उमटला, तर पहिला संशय तिथेच.

सर्वात आधी फ्लेअर नट बघायचे, म्हणजे तांब्याच्या नळीचं पसरट केलेलं टोक (फ्लेअर) घट्ट धरणारे पितळी नट. स्प्लिट एसीला इनडोअरच्या मागे दोन आणि आउटडोअरच्या व्हॉल्व्हवर दोन असे चार असतात. इनडोअरचे दोन भिंतीमागे, टेपच्या गुंडाळीत लपलेले असतात आणि म्हणूनच तपासायचे राहून जातात. ती टेप कापावीच लागते. त्यानंतर सर्व्हिस व्हॉल्व्हची, म्हणजे गेजची नळी जोडतात त्या तोंडाची, पिन आणि तिच्यावरचं पितळी टोपण. टोपण नसेल तर तीच गळतीची वाट समजा, कारण पिन कचऱ्याने अर्धी उघडी राहते आणि खरी सील टोपणाचीच असते. मग बाहेरच्या युनिटच्या आत एकमेकांना घासणाऱ्या बारीक नळ्या. कंप्रेसर थरथरतो, दोन नळ्या वर्षभर घासतात आणि तांब्याला सुईएवढं भोक पडतं. शेवटी कॉइलच्या टोकांचे यू-बेंड.

इनडोअरच्या कॉइलला आणखी एक रोग लागतो. तांब्याच्या नळीत मुंग्यांच्या वारुळासारखी वाकडीतिकडी भोकं आतल्या आत पोखरली जातात. ओलावा, हवा आणि फॉर्मिक किंवा अॅसिटिक आम्लाची वाफ हे तिन्ही एकत्र आले की हे होतं. ही वाफ नव्या प्लायवूडच्या गोंदातून, काही सफाईच्या द्रवांतून, व्हिनेगरमधून येते. नवं फर्निचर करून लगेच खोली बंद ठेवली आणि दोन-तीन वर्षांत कॉइल गळायला लागली, तर हेच कारण तपासा. अशी भोकं डोळ्यांना दिसत नाहीत, आणि एक बुजवलं तर शेजारचं उघडतं. तिथे डागणी (ज्योतीने धातू वितळवून जोड देणं) करत बसू नका, कॉइलच बदला.

साबणाचं पाणी

सर्वात स्वस्त, आणि नीट केलं तर अजूनही भरवशाचं. भांडी घासायचा द्रव साबण एक भाग, पाणी चार भाग, वर ग्लिसरीनचे सात-आठ थेंब. ग्लिसरीनमुळे फेस लवकर वाळत नाही. ब्लीच किंवा अमोनिया असलेला सफाईचा द्रव वापरू नका, तो पितळ खातो. घोळून फेस करायचा नाही. फेसाचे बुडबुडे आधीच असले तर गळतीचे कोणते हे कळत नाही. शांतपणे ढवळा आणि मऊ ब्रशने किंवा ड्रॉपरने सोडा.

सगळा हिशेब वेळेचा आहे. बहुतेक लोक साबण लावतात, पाच सेकंद बघतात आणि पुढे जातात. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते, पण वर्षभरात एसी रिकामा करणारी बारीक गळती असं करत नाही. फ्लेअर नटावर साबण लावून पाच ते दहा मिनिटं थांबा. नटाच्या मागच्या कडेला, पाइप आणि नट जिथे भेटतात, तिथे आधी काहीच नसतं. मग टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके एकमेकांना चिकटून उगवतात आणि हळूहळू खसखशीच्या पुंजक्यासारखा घट्ट फेस होतो. हाच तो. पिन व्हॉल्व्हवर साबणाचा एकच थेंब सोडा. थेंब घुमटासारखा फुगला तर पिन गळतेय. पिन बदलायला काही मिनिटं लागतात.

साबण लावताना यंत्रात दाब हवा. एसी चालू असताना जाड पाइपातला दाब उतरतो, म्हणून त्या बाजूचे सांधे एसी बंद ठेवून तपासा. आणि दुपारच्या लूमध्ये बाहेरच्या युनिटवर साबण लावू नका, वाऱ्याने तो मिनिटात वाळतो. सकाळी आठच्या आत काम उरका.

गळका नट सापडला की तो आणखी आवळून टाकायची सवय सोडा. फ्लेअर आवळून सुधारत नाही. उघडा, फ्लेअरची कडा बघा: चीर, ओरखडा, वाकडी कड किंवा आत राहिलेला कापाचा बुरा यांपैकी काहीतरी असतंच. पाइप कापून नवा फ्लेअर करा, मागच्या बाजूला रेफ्रिजरेशन तेलाचा थेंब लावा, हाताने पूर्ण फिरवा आणि मग टॉर्क पाना वापरा. पाव इंच पाइपाच्या नटाला १५ ते १७ न्यूटन मीटर, तीन-अष्टमांशाला ३३ ते ४०, अर्ध्याला ५० ते ६०, पाच-अष्टमांशाला ६२ ते ७५. जास्त आवळला तर फ्लेअर पातळ होतो आणि पहिल्या हिवाळ्यात चिरतो. नटावर टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावून काही होत नाही. सील तांबं आणि पितळ यांच्या उतारावर होते, आट्यांवर नाही.

नायट्रोजन

साबणाने काही सापडलं नाही, किंवा यंत्र रिकामंच आहे, तर कोरडा नायट्रोजन भरल्याशिवाय पुढे जायचं नाही. कामाचा खरा कणा इथे आहे, आणि सर्वाधिक कामचुकारपणाही इथेच होतो.

आधी जिवाच्या गोष्टी. ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. कंप्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन भेटले की स्फोट होतो, त्याला ठिणगीही लागत नाही. सिलेंडरवरचं नाव वाचून खात्री करा. टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसरही नको, त्यातल्या हवेत ओलावा असतो आणि ऑक्सिजनही. नायट्रोजनच्या भरलेल्या सिलेंडरचा दाब सुमारे १५० बार, म्हणजे दोन हजार पीएसआयच्या वर असतो. रेग्युलेटरशिवाय तो थेट एसीला जोडणं म्हणजे कॉइल फोडून घेणं. रेग्युलेटर, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि त्या दाबाला चालणारे होज या तिन्ही गोष्टी जवळ नसतील तर मेकॅनिकला परत पाठवा, दुसऱ्या दिवशी आणेल.

किती दाब द्यायचा ते नेमप्लेट सांगते. आर-३२ आणि आर-४१०ए च्या स्प्लिटसाठी साधारण ४०० पीएसआय किंवा त्याच्या वर, आर-२२ साठी २५० ते ३००, घरच्या फ्रीजसाठी सुमारे १५०. नेमप्लेटवर लो साइडचा (कमी दाबाच्या, जाड पाइपाच्या बाजूचा) आकडा कमी दिला असेल तर तोच शेवटचा शब्द. एकदम भरू नका. ७० पीएसआयवर पाच मिनिटं थांबा, मोठी गळती इथेच कानाने ऐकू येते. मग २०० वर पाच मिनिटं. मग पूर्ण दाब, आणि प्रत्येक सांध्यावर पुन्हा साबण. आता दाब बराच जास्त असल्यामुळे सकाळी न दिसलेला फेस दिसतो.

सगळे सांधे कोरडे निघाले तर रात्रभर दाब धरून ठेवायचा, आणि इथे इंदूरकरांनी एक हिशेब केलाच पाहिजे. शब-ए-मालवा ही म्हण उगाच नाही. दुपार भाजून काढते, पण रात्र उतरली की गारवा येतो. ती गार रात्र गेजवर दिसते आणि लोक तिला गळती समजतात. संध्याकाळी ३६ अंशांना ४०० पीएसआय भरलं आणि सकाळी २४ अंशांना बघितलं, तर गळती नसतानाही गेज ३८४ दाखवेल. हिशेब असा: गेजच्या आकड्यात हवेचा दाब मिळवा, इंदूरच्या उंचीवर तो १३.८ पीएसआय. मिळाले ४१३.८. याला सकाळच्या केल्विन तापमानाने गुणा आणि संध्याकाळच्या केल्विनने भागा, म्हणजे २९७ भागिले ३०९. आले सुमारे ३९८. त्यातून १३.८ वजा, राहिले ३८४. तोंडी लक्षात ठेवायचं असेल तर ४०० पीएसआयवर दर अंशाला साधारण १.३. सकाळी गेज ३८३ दाखवत असेल तर निश्चिंत राहा, ३६५ दाखवत असेल तर शोधायला लागा. भरताना तापमान लिहून ठेवलं नसेल तर हा हिशेब होत नाही, म्हणून थर्मामीटर आणि वही सोबत ठेवा. आणि नायट्रोजन भरल्यावर पहिलं मोजमाप लगेच घेऊ नका. भरताना तो तापतो, दहा-पंधरा मिनिटांनी स्थिर होतो.

दाब उतरतोय पण जागा सापडत नाही, तेव्हा यंत्राचे तुकडे करा. इनडोअर कॉइल वेगळी, पाइप वेगळा, आउटडोअर वेगळं. प्रत्येकाची टोकं फ्लेअर टोपणांनी बंद करून प्रत्येकाला स्वतंत्र गेज लावा. सकाळी ज्याचा आकडा उतरला त्यातच शोध. यासाठी उरलेला गॅस बाहेर काढावा लागतो, आणि तो हवेत सोडायचा नाही, रिकव्हरी सिलेंडरमध्ये घ्यायचा. लो साइडला गळती असल्याचा संशय असेल तर कंप्रेसर चालवून गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेण्याची नेहमीची पद्धत करू नका. गळतीतून हवा आत ओढली जाते, आणि हवा, तेल आणि दाब मिळून कंप्रेसर फुटू शकतो.

व्हॅक्यूम, आणि इंदूरची उंची

व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढणं, ही गळतीची शेवटची चाचणी आहे, पहिली नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त हवेचा दाब ढकलतो, १४ पीएसआयच्या आत. ४०० पीएसआयला गळणारं भोक इथे गप्प बसू शकतं.

मॅनिफोल्डच्या (मेकॅनिकच्या गेजच्या जोडीच्या) काट्यावर उणे ३० इंच लिहिलेलं असतं आणि नवा मुलगा तिथे काटा येईपर्यंत पंप चालवत बसतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. इथे हवेचाच दाब २८ इंचांच्या आसपास आहे, म्हणून परिपूर्ण व्हॅक्यूमलाही काटा २८ च्या पुढे जाणार नाही. तो थांबला म्हणून गळती आहे असं नाही, आणि २८ ला आला म्हणून काम झालं असंही नाही. मायक्रॉन गेज (उरलेला अगदी बारीक दाब मोजणारं यंत्र) लावा, त्याला उंचीशी घेणंदेणं नाही. ५०० मायक्रॉनपर्यंत उतरवा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा मिनिटं बघा. आकडा थोडा चढून १००० ते २००० च्या दरम्यान स्थिरावला तर आत ओलावा आहे, पंप पुन्हा चालवा. थांबता थांबत नाही, चढतच राहतो, तर गळती आहे, नायट्रोजनकडे परत.

इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर

चांगला डिटेक्टर वर्षाला ५ ग्रॅम इतकी बारीक गळतीही पकडतो. तो फसतो तो वापरणाऱ्याच्या घाईमुळे. नाकाडं सांध्यापासून ५ मिलिमीटरवर ठेवा आणि सेकंदाला २ ते ३ सेंटिमीटर या गतीने सरकवा. आर-३२, आर-१३४ए, आर-२९० (प्रोपेन) हे सगळे गॅस हवेपेक्षा जड आहेत, म्हणून सांध्याच्या खालच्या बाजूने फिरवा. पंखे बंद, खिडकीतून झोत नको. डिटेक्टर मोकळ्या हवेत चालू करून शून्यावर आणा. फिनेल, परफ्यूम, पेट्रोलची वाफ आणि ओल्या इन्सुलेशनचा फोम यांनी तो उगाच वाजतो. वाजला की नाकाडं दूर घ्या, शांत होऊ द्या, परत त्याच जागी आणा. तीनदा त्याच जागी वाजला तरच गळती, आणि मग साबणाने नेमकी जागा पक्की करा.

कूलिंग कॉइलसाठी एक युक्ती फार उपयोगी पडते. एसी आणि पंखा बंद करून पंधरा मिनिटं थांबा. कॉइलमधून निघालेला जड गॅस खालच्या ड्रेन ट्रेमध्ये साठतो. नाकाडं ट्रेच्या कडेने किंवा ड्रेनच्या तोंडाशी धरा, पाणी ओढलं जाणार नाही एवढं वर. इथे वाजला आणि नटांवर वाजला नाही, तर कॉइल गळतेय.

आर-३२, आर-२९० आणि आर-६००ए (फ्रीजमधला गॅस) जळणारे आहेत, त्यामुळे अशा गॅसांसाठी बनवलेला डिटेक्टरच घ्या. पेटत्या ज्योतीचा रंग हिरवा होतो का हे बघणारी जुनी हॅलाइड टॉर्च आता कपाटात ठेवा. ती क्लोरीन असलेल्या गॅसलाच ओळखते, म्हणजे आर-२२ ला. आर-१३४ए आणि आर-३२ ला ओळखत नाही, आणि आर-६००ए जवळ ती ज्योत म्हणजे आग लावणं आहे.

तेलात मिसळायचा यूव्ही रंग गाडीच्या एसीला छान चालतो. तिथे सांधे अनेक, पाइप लवचीक आणि बॉनेट उघडलं की सगळं दिसतं. रंग टाकून दोन-चार दिवस गाडी चालवा, मग अंधारात यूव्ही टॉर्च आणि पिवळा चष्मा लावून बघा. घरच्या फ्रीजमध्ये रंग टाकू नका, कॅपिलरी (गॅस फ्रीझरकडे सोडणारी केसासारखी नळी) बारीक असते आणि वॉरंटीही जाते.

फ्रीजचं गणित वेगळं

आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, ४० ते ७० ग्रॅमच्या आसपास. तो उणे १२ अंशांना उकळतो, त्यामुळे फ्रीज चालू असताना फ्रीझरच्या बाजूचा दाब हवेपेक्षाही खाली असतो. इथे गळती उलटी चालते: गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आणि ओलावा आत ओढला जातो. कंप्रेसर तापतो, कॅपिलरीत बर्फ अडकतो, फ्रीज तासभर गार होतो, मग बंद पडतो, मग पुन्हा गार होतो. चालू फ्रीजवर साबण लावला तर अशा वेळी एकही बुडबुडा निघत नाही. फ्रीज बंद करून, प्रोसेस ट्यूब (कंप्रेसरवरची गॅस भरायची नळी) कटरने कापून, गॅस होजने खिडकीबाहेर मोकळ्या हवेत सोडून नायट्रोजनवरच तपासावं लागतं. नळी ज्योतीने सोडवू नका, आत आयसोब्युटेन उरलेला असतो.

एकदारी फ्रीजमध्ये सर्वात जास्त होणारा अपघात सुरीचा आहे. मटाराची पिशवी बर्फाला चिकटते, कुणीतरी सुरीने उचकटतं आणि अॅल्युमिनियमच्या पातळ फ्रीझरला भोक पडतं. फुस्स असा आवाज येतो. त्या क्षणी स्वयंपाकघरातलं एकही बटण दाबू नका, शेगडी असेल तर बंद करा, खिडक्या-दारं उघडा आणि वीज खोलीबाहेरच्या मेन स्विचवरून बंद करा. फ्रीजचा प्लगही ओढायचा नाही, त्यातही ठिणगी पडते.

आणि ज्या फ्रीजची गळती कुठेच सापडत नाही, त्याची बहुधा दाराच्या चौकटीतून फिरणाऱ्या गरम नळीत असते. चौकटीवर दव धरू नये म्हणून कंपनी कंडेन्सरची एक नळी तिथून फिरवते. ती लोखंडाची असते, फोममध्ये गाडलेली असते, आणि पावसाळ्याच्या ओलाव्याने गंजते. हाय साइड आणि लो साइड वेगळ्या करून दोन्हींना नायट्रोजन धरला की कळतं. ती नळी टाळून कंडेन्सर थेट जोडता येतो. मात्र श्रावणात चौकटीवर पाणी सुटेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

सराफ्यातले डीप फ्रीझर आणि बटाट्याचं कोल्ड स्टोरेज

सराफा आणि छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्ल्यांत कुल्फी-रबडीचे डीप फ्रीझर रात्रभर उघडझाप होतात. त्यांच्यात गळती बहुतेक कंप्रेसरजवळच्या सांध्यांत आणि फिल्टर ड्रायरच्या (ओलावा शोषणाऱ्या डबीच्या) डागणीत असते, कारण ड्रायर दर दुरुस्तीला बदलला जातो. दूध थंड करणाऱ्या मोठ्या टाक्यांत आर-४०४ए असेल तर गळतीनंतर भरताना सिलेंडर उलटा धरून द्रवरूपातच भरा. तो मिश्रण आहे, वाफेने भरला तर प्रमाण बिघडतं.

मालव्यातला बटाटा ज्या मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये जातो तिथे अमोनिया चालतो, आणि तिथले नियम पूर्ण निराळे. अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून छताकडे शोधायचा. पण फुटलेल्या नळीतून द्रव उडत असेल तर गार धुकं जमिनीलगत पसरतं. नाकाला तो अगदी थोड्या प्रमाणात कळतो. ३०० पीपीएमला तो जिवावर बेततो. जागा पक्की करायला ओला लाल लिटमस कागद सांध्याजवळ धरा, निळा होतो. ओला फिनॉल्फ्थॅलीनचा कागद गुलाबी होतो. पेटत्या गंधकाच्या काडीने पांढरा धूर निघतो, पण वास फार असेल तर काडी पेटवू नका, हवेत १५ टक्क्यांच्या वर अमोनिया जळतो. वारा पाठीवर घेऊन उभं राहा, मास्कशिवाय आत नको, आणि सांडलेल्या द्रव अमोनियावर पाणी ओतू नका, तो उसळतो. पाण्याचा फवारा फक्त वाफेवर. इथे घरच्या मेकॅनिकचं काम नाही.

हिवाळ्यात वापरायच्या एलपीजी गिझरची गळतीही साबणानेच बघायची, काडीपेटीने नाही. रेग्युलेटर, रबरी नळीची दोन्ही टोकं आणि गिझरचा नट या चार जागा, बर्नर बंद आणि सिलेंडर चालू ठेवून.

सापडल्यावर

डागणी करताना नळीतून २-३ पीएसआयचा नायट्रोजन वाहता ठेवा, नाहीतर आत काळी पापडी धरते आणि पुढे कॅपिलरी तुंबते. आर-३२ उरलेला असताना ज्योत लावू नका, त्यातून विषारी हायड्रोजन फ्लोराइड निघतो. डागल्यावर पुन्हा पूर्ण दाब, पुन्हा साबण, पुन्हा एक रात्र. मग व्हॅक्यूम. गॅस गेज बघून नव्हे तर वजनकाट्यावर, नेमप्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे भरा. पाइप कंपनीच्या ठरावीक लांबीपेक्षा जास्त असेल तर पुस्तिकेत मीटरमागे जेवढे ग्रॅम दिलेत तेवढे वाढवा.

होज काढल्यावर पिनेवर एकदा साबणाचा थेंब सोडा, दोन्ही सर्व्हिस व्हॉल्व्हची पितळी टोपणं पान्याने आवळा आणि भरलेले ग्रॅम, तारीख, त्या दिवशीचं तापमान आणि कोणता सांधा दुरुस्त केला ते कायम मार्करने आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा. पुढचा मेकॅनिक झाकण उघडेल तेव्हा पहिला साबण त्याच सांध्यावर लावेल.